पाणी पोटात घेणाऱ्या विहिरी आणि त्यांची दाबचाचणी

विहीर म्हटली की तिच्यातून पाणी वर काढावयाचे, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होय. मोट, रहाट, पंप ही साधने बदलली. दिशा मात्र बदलली नाही. परंतु गेल्या शतकात अशाही विहिरी खोदल्या जाऊ लागल्या की, ज्यांतून काहीही वर येत नाही. उलट वरून दाब देऊन पाणी, सांडपाणी अथवा वायू जमिनीच्या पोटात खोलवर सोडला जातो. तांत्रिक परिभाषेत त्यांस अंतःक्षेपण विहिरी म्हणतात; तेलक्षेत्रातील कामगार मात्र सरळ ‘इंजेक्शन वेल’ असेच म्हणतो. अशी विहीर धडधाकट आहे किंवा नाही, हे ती न उकरता कसे ओळखावयाचे, हा या भाषणाचा विषय आहे.

हा विषय सुरतेच्या संदर्भात मांडण्यास कारण आहे. मुलताईजवळ उगम पावणारी तापी खानदेश ओलांडून, उकाईच्या धरणात विसावून, सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास संपवते ती सुरतेच्या पश्चिमेस. भुसावळ–सुरत लोहमार्गाने जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्यांत जाऊन स्थिरावली आहेत, आणि तेथील महानगरपालिकेच्या मराठी शाळांतून त्यांची मुले शिकत आली आहेत. याच शहराच्या उत्तरेस, किम, कोसंबा, ओलपाड या परिसरात आणि पुढे भरूच जिल्ह्यातील अंकलेश्वरला, जमिनीखाली खनिज तेल व वायू सापडला. पश्चिमेस हजिरा येथे समुद्रातील वायू किनाऱ्यावर येतो व शुद्ध होतो. म्हणजे वर शेती, मध्ये पिण्याचे पाणी, खाली तेल आणि अवतीभवती रंग-रसायनांचे कारखाने, अशी ही चार मजली वस्ती आहे. वरच्या मजल्यावरील माणसास खालच्या मजल्यावर काय चालले आहे याची वार्ता क्वचितच असते.

अंकलेश्वरची कथा प्रथम थोडक्यात सांगणे योग्य ठरेल. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन होऊन महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली, आणि त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, १४ मे १९६० रोजी, अंकलेश्वरला तेल लागले. पंडित नेहरूंनी तेथील पहिल्या विहिरीस ‘वसुधारा’ हे नाव दिले. तेलाचे थर वाळूचे असून ते साधारणतः हजार-बाराशे मीटर खोलीवर आहेत. तेल म्हणजे पोटातील तळे नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. वाळूच्या कणांमधील सूक्ष्म जागांत ते दाबाखाली कोंडलेले असते. तेल काढत गेले की दाब उतरतो, आणि दाब उतरला की निम्म्याहून अधिक तेल खालीच अडकून राहते. यास्तव तेलक्षेत्राच्या कडेच्या विहिरींतून पाणी आत दाबून तेल मध्यभागाकडे ढकलण्याची पद्धत जगभर रूढ झाली. अंकलेश्वरला ती साठच्या दशकातच अवलंबिली गेली. शिवाय तेलक्षेत्र जसे म्हातारे होते, तसे तेलाबरोबर खारे पाणीही वाढत्या प्रमाणात वर येऊ लागते. ते नाल्यात सोडावे तर शेते जातात. म्हणून तेही बहुधा परत खालीच पाठवावे लागते. हजिरा येथे वायू शुद्ध करताना निघणारा कर्बद्विप्राणिल वायू नळाने अंकलेश्वरला नेऊन जुन्या तेलथरात सोडता येईल काय, याचाही अभ्यास तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने केलेला आहे.

हे सर्व करताना पाणी ज्या वाटेने खाली जाते, ती वाट गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या थरांतून जाते. धोक्याचे मूळ नेमके येथे आहे.

विहिरीची रचना समजल्यावाचून चाचणी समजणार नाही. गावातील बोअरवेलला वरच्या मुरमाड भागापुरते केसिंग घालतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. अंतःक्षेपण विहिरीत पोलादी केसिंग तळापर्यंत घातले जाते, आणि तेही एकात एक असे दोन किंवा तीन. सर्वांत बाहेरचे, रुंद व आखूड केसिंग गोड्या पाण्याचे थर झाकते. त्याच्या आतून लांब केसिंग तेलथरापर्यंत उतरते. केसिंग व खडक यांच्यामधील फट सिमेंटचा रस दाबाने चढवून बुजविलेली असते. या केसिंगच्या आत आणखी एक बारीक नळी सोडतात, तिला ट्यूबिंग म्हणतात. पाणी प्रत्यक्षात जाते ते या ट्यूबिंगमधून. ट्यूबिंगच्या तळाशी रबरी कड्यांचा एक बूच बसविलेला असतो, तो पॅकर. पॅकर फुगून केसिंगला घट्ट बसला की, ट्यूबिंग व केसिंग यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत एक बंद, बांगडीसारखी पोकळी तयार होते. या पोकळीस वलय म्हणू. वलयात गंज न चढू देणारे औषध मिसळलेले स्वच्छ पाणी भरून ठेवतात.

ही रचना करणाऱ्यांच्या बुद्धीचे खरे कौतुक वाटावे असा भाग म्हणजे हे वलय होय. त्यातून काहीच वाहावयाचे नसते. तरीही सर्व विहिरीची नाडी त्याच्याच ठिकाणी लागते. ट्यूबिंग फुटली तर आतील दाबाचे पाणी वलयात येते. पॅकर सैल झाला तर खालचे पाणी वलयात येते. केसिंगला भोक पडले तर वलयातील पाणी बाहेर खडकात जाते. तीनही व्याधींचे लक्षण एकाच ठिकाणी उमटते, आणि ते ठिकाण जमिनीवरच्या दाबमापीला जोडलेले असते. म्हणून दोन चाचण्यांमधील काळातही जाणकार कर्मचारी वलयाच्या दाबमापीकडे रोज एकदा दृष्टी टाकतो. पाणी दाबण्याचा जोर वाढविला असता वलयाचा काटाही त्याच्याबरोबर चढू लागला, तर आतील नळी अथवा बूच गळते आहे असा संशय घ्यावा. आणि वलयाचे तोंड उघडताच बाहेरची हवा आत ओढली जाऊ लागली, तर पाणी कोठेतरी निसटले आहे असे समजावे.

आता प्रत्यक्ष चाचणी. तिचे तत्त्व सायकलच्या दुकानातील पोराला ठाऊक असते तेच आहे: नळीत दाब भरा, तोंड बंद करा, आणि दाब टिकतो का पाहा. विहिरीत पाणी सोडणे थांबवितात, वलय काठोकाठ भरतात, पंपाने त्यात ठरावीक दाब चढवितात, झडप बंद करून पंप अलग करतात, आणि साधारणतः अर्धा तास दाबाची नोंद ठेवतात. किती दाब द्यावा आणि किती घट क्षम्य मानावी, याचे नियम ठिकठिकाणी निराळे आहेत. दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० किलोग्रॅम दाब व अर्ध्या तासात दहा टक्क्यांपर्यंत फरक, हे एक प्रचलित माप म्हणून डोळ्यांसमोर ठेवण्यास हरकत नाही.

अर्ध्या तासात दोन किलो दाब उतरला, म्हणजे किती पाणी गळले? येथे थोडे गणित करणे उद्बोधक ठरेल. शिक्षकांना ते वर्गातही वापरता येईल. सात इंची केसिंग आणि तीन इंचांहून थोडी बारीक ट्यूबिंग यांच्यामधील वलयात दर मीटर लांबीला सुमारे १५ लिटर पाणी मावते. विहीर बाराशे मीटर खोल असली तर वलयात १८,००० लिटर पाणी झाले. पाणी दाबले जात नाही असे आपण म्हणतो, पण ते अगदी खरे नाही. दर किलो दाबामागे ते आपल्या आकारमानाच्या लाखात साडेचार भाग आक्रसते. यावरून १८,००० लिटर पाण्यावर २० किलो दाब चढविण्यास केवळ सोळा-एक लिटर पाणी अधिक भरावे लागते. म्हणजे एक मोठी बादली! आणि दोन किलो दाब उतरण्यास दीड-पावणेदोन लिटर पाणी गळणे पुरेसे होते. बाराशे मीटर खोलीवरील, कोणाच्याही दृष्टीस कधी न पडणाऱ्या नळीतून अर्ध्या तासात दोन तांबे पाणी निसटले तर ते वरच्या काट्यावर दिसते. इतकी सूक्ष्म परीक्षा इतक्या साध्या साधनाने होते, म्हणूनच ती अद्याप टिकून आहे.

तथापि, साधी चाचणी ही फसवी देखील असते. ती चुकीच्या रीतीने घेतली तर आजारी विहीर निरोगी ठरते, आणि त्याहून वाईट असे काही नाही. कारण कागदोपत्री उत्तीर्ण झालेल्या विहिरीकडे पुढे कोणी लक्ष देत नाही.

पहिली फसगत हवेची. वलय पूर्ण न भरता वर हवेची पोकळी राहिली, तर ती हवा स्प्रिंगप्रमाणे आखडते व पसरते. वरील उदाहरणातील विहिरीत पाचशे लिटर हवा अडकली आहे असे समजा. आता तेवढाच दोन किलो दाब उतरण्यासाठी दीड-पावणेदोन नव्हे, तर चार लिटरांहून अधिक पाणी गळावे लागेल. म्हणजे अडीचपट मोठी गळती त्याच मर्यादेत लपून बसते. यावर उपाय सोपा आहे: दाब चढविताना किती पाणी आत गेले व चाचणीनंतर सोडताना किती परत आले, ते मोजून लिहावे. सोळा लिटरांच्या ठिकाणी चाळीस लिटर लागले, तर हवा आहे हे लगेच कळते. हा मोजमापाचा रकाना पुष्कळ नोंदवह्यांत असतो. भरलेला मात्र तो नेहमीच आढळेल असे नाही.

दुसरी फसगत उष्णतेची. जमिनीत दर किलोमीटर खोलीला साधारणतः २५ ते ३० अंश तापमान वाढते, आणि खंभात खोऱ्यात हे प्रमाण याहूनही अधिक आहे. सतत थंड पाणी खाली जात असताना विहीर गार राहते. पाणी बंद केले की खडकाची ऊब तिच्यात शिरू लागते. वलयातील १८,००० लिटर पाणी सरासरी एका अंशाने जरी तापले, तरी ते पाच ते आठ लिटरांनी फुगू पाहते आणि दाब सहा ते दहा किलोने वाढवू शकते. एकीकडे गळती दाब उतरवीत आहे आणि दुसरीकडे उष्णता तो चढवीत आहे; दोहोंची बेरीज शून्य आली की काटा स्थिर दिसतो, व सर्व जण समाधानाने सह्या करतात! यास्तव चाचणीपूर्वी विहिरीचे तापमान स्थिरावू देणे अगत्याचे आहे. दाब उतरला तर विहीर नापास, इतके सर्वांना कळते. परंतु दाब विनाकारण चढला तरीही चाचणी पुन्हा घ्यावी लागते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

तिसरी फसगत समान दाबाची. भिंतीच्या दोन्ही बाजूंस पाणी सारख्याच उंचीवर असेल, तर भिंतीतील भोकातून थेंबही वाहणार नाही. त्याचप्रमाणे ट्यूबिंगमधील दाब व वलयातील दाब योगायोगाने किंवा हेतुपुरस्सर सारखे ठेवले, तर ट्यूबिंग चाळणीसारखी असली तरी काटा हलत नाही. म्हणून दोन्ही दाबांच्या नोंदी शेजारीशेजारी असाव्यात आणि त्यांच्यात पुरेसे अंतर असावे. चाचणीस साक्षी म्हणून उपस्थित राहणाऱ्या अधिकाऱ्याने दाबमापीच्या तपासणीची तारीखही पाहून घ्यावी. काटा वाकडा असेल तर बाकी सर्व परिश्रम वाया जातात.

एवढे सर्व यथास्थित झाले तरी विहिरीची अर्धीच परीक्षा झाली. दाबचाचणी सांगते ते केसिंगच्या आतल्या बाजूचे. केसिंगच्या बाहेर, सिमेंट व खडक यांच्या दरम्यान जर एखादी फट राहिली असेल, तर खाली सोडलेले पाणी त्या फटीने पुन्हा वर चढून गोड्या पाण्याच्या थरात शिरू शकते. आणि त्या वेळी वलयाचा दाब अगदी निश्चल असतो. घरातील नळ उत्तम, पण भिंतीत ओल, असाच हा प्रकार. त्याच्या शोधासाठी निराळी साधने योजावी लागतात. विहीर काही काळ बंद ठेवून तिच्यात तापमापक सोडला, तर ज्या खोलीवर थंड पाणी खडकात शिरले तेथे खडक अद्याप गार असल्याचे आढळते. असा गारवा तेलथरापाशी दिसला तर ठीक. तो वर कोठे दिसला, तर पाणी चोरवाटेने फिरत आहे. वाहत्या पाण्याचा आवाज टिपणारी यंत्रे, सिमेंटची पकड ध्वनिलहरींनी तपासणारी यंत्रे, आणि किरणोत्सारी आयोडीनचा अल्पसा अंश पाण्यात मिसळून त्याचा माग काढण्याची पद्धत, ही आणखी साधने होत. यांपैकी कोणते केव्हा वापरावे, हा तज्ज्ञांचा प्रांत आहे. ग्रामस्थाने व अधिकाऱ्याने एवढे विचारले तरी पुष्कळ झाले: “आतली परीक्षा झाली, बाहेरची केव्हा झाली?”

अखंडतेची ही दुहेरी व्याख्या, म्हणजे आत गळती नको आणि बाहेर चोरवाट नको, ही अमेरिकेतील पेयजल सुरक्षेच्या १९७४ च्या कायद्यातून व १९८० मध्ये त्याखाली झालेल्या नियमांतून रूढ झाली. तेथे तेलक्षेत्रातील अंतःक्षेपण विहिरींची अशी परीक्षा निदान पाच वर्षांतून एकदा, आणि घातक सांडपाण्याच्या विहिरींची वलयचाचणी दरवर्षी करावी लागते. परंतु परीक्षेत उत्तीर्ण झालेली विहीर निर्दोष असतेच असे नाही, याचाही धडा त्याच देशाने घेतला आहे. डेन्व्हर शहराजवळ लष्करी रसायनांच्या कारखान्याचे सांडपाणी ३,६७१ मीटर खोल विहिरीत मार्च १९६२ पासून सोडण्यात येऊ लागले. लवकरच, ज्या भागात भूकंप क्वचितच होत, तेथे धक्के बसू लागले. फेब्रुवारी १९६६ मध्ये विहीर बंद झाली, तरी सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले. तेथे दोष नळीचा नव्हता. खोल खडकात शिरलेल्या दाबाने जुने तडे सरकले होते. कोयनेचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रास याचे विशेष महत्त्व वाटावे.

आपल्या देशात हा विषय एकाच कायद्यात गोळा केलेला नाही. तो अनेक ठिकाणी विखुरलेला आहे. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियमातील कलम २४ अन्वये विषारी अथवा प्रदूषक द्रव्य प्रवाहात किंवा विहिरीत जाणूनबुजून सोडण्यास मनाई आहे, आणि त्याच कायद्यातील ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येत भूगर्भातील पाणीही समाविष्ट आहे. ही व्याख्या फार थोड्यांच्या वाचनात येते. नदीत सोडले तर गुन्हा आणि जमिनीत सोडले तर मोकळीक, असा समज करून घेणाऱ्यांना ती दाखविण्याजोगी आहे. पर्यावरण संरक्षण नियमांत तेल व वायू उद्योगासाठी जी मानके आहेत, त्यांनुसार सांडपाणी सोडून दिलेल्या विहिरीत परत भरावयाचे झाल्यास ते जमिनीपासून १,००० मीटरांच्या खालीच भरावयास परवानगी मिळते. आणि त्यात निलंबित घन पदार्थ लिटरला १०० मिलिग्रॅम व तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम याहून अधिक चालत नाही. तेलखाणीतील सुरक्षिततेचे नियम निराळे आहेत. १९८४ च्या नियमांच्या जागी २०१७ चे नियम आले असून त्यांची अंमलबजावणी खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळ पाणी पाहते, महासंचालनालय यंत्र पाहते, आणि भूजलाचा विभाग थर पाहतो. तिघांच्या टिपण्या एका धारिकेत याव्यात, अशी अपेक्षा करणे वावगे ठरू नये.

मात्र खरी चिंता, श्रोतेहो, नियमात बसविलेल्या खोल विहिरींची तितकीशी नाही. चिंता आहे ती त्या बोअरवेलची, जिला ट्यूबिंग नाही, पॅकर नाही, सिमेंट नाही आणि परवानाही नाही. कारखान्याच्या कोपऱ्यात एक बोअर पाडावयाचा आणि रात्री त्यात रंगाचे अथवा आम्लाचे पाणी सोडून द्यावयाचे, असे प्रकार घडत असल्याच्या तक्रारी गुजरातच्या औद्योगिक पट्ट्यातून आणि देशाच्या अन्य भागांतूनही वेळोवेळी आल्या आहेत. त्या बोअरची दाबचाचणी घेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, कारण ती थेट पिण्याच्या पाण्याच्या थरातच उघडते. असे विष एकदा पसरले की काय होते, हे राजस्थानातील उदयपूरजवळच्या बिछडी गावाने पाहिले आहे. तेथे बोअर नव्हता. रंगनिर्मितीस लागणाऱ्या एच-आम्लाच्या कारखान्यांचा गाळ व सांडपाणी उघड्यावर टाकल्याने ते झिरपत गेले. कारखाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस थोडाच काळ चालले. विहिरींचे पाणी मात्र काळवंडून निरुपयोगी झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी असा निर्णय दिला. तरी विहिरी न्यायालयाच्या आदेशाने गोड होत नसतात. थोडा काळ चाललेल्या धंद्याचे परिणाम पिढीभर भोगावे लागले. सुरतेतील साड्या ज्या रंगांनी रंगतात, ते रंग कोठेतरी तयार होतात आणि त्यांचे पाणी कोठेतरी जाते.

अंतःक्षेपणाची एक हितकारक बाजूही आहे व ती खानदेशास जवळची आहे. चांगले पाणी खोल थरात भरून भूजल वाढविण्याचा प्रयोग १९८० च्या दशकात केंद्रीय भूजल मंडळाने गुजरातमधील मेहसाणा भागात केला होता. सरस्वती नदीच्या पात्राखालचे पाणी बंद नळाने, वक्रनलिकेच्या तत्त्वावर, खोल थरात सुमारे २५० दिवस सोडण्यात आले. सरासरी प्रमाण दिवसाला २२५ घनमीटर होते. भरणा केलेल्या विहिरीत पातळी पाच मीटरांनी, तर दीडशे मीटर अंतरावरील विहिरींत अर्ध्या ते एक मीटरने वाढली. तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याशी यावल-रावेर पट्ट्यात, केळीच्या बागांनी भूजल किती खाली नेले आहे हे तेथील शेतकऱ्यास सांगावयास नको. तापी खोऱ्यातील महापुनर्भरण योजनेसाठी महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांनी मे २०२५ मध्ये करार केलेला आहे. अशा पुनर्भरणाच्या विहिरीस तेलविहिरीसारख्या कसोट्या लावण्याचे कारण नाही. पण वरच्या केसिंगचा जोड घट्ट हवा, केसिंगभोवतीची फट सिमेंटने बंद हवी, आणि आत जाणारे पाणी गाळून जावे, ही तत्त्वे दोन्हीकडे एकच आहेत. शेतातील फवारणीचे पाणी गाळणीशिवाय पुनर्भरण-बोअरमध्ये गेले, तर पुण्यकर्म करताना आपण शेजाऱ्याच्या विहिरीत औषध ओतीत असतो.

ग्रामपंचायतीने काय करावे, हा प्रश्न येथे साहजिकच विचारला जाईल. दाबचाचणी घेणे हे तिचे काम नव्हे. परंतु चाचणीपेक्षाही एक मोलाची वस्तू गावाच्या हाती असते, ती म्हणजे अगोदरची नोंद. परिसरात तेलविहीर, अंतःक्षेपण विहीर वा रासायनिक कारखाना येण्यापूर्वी गावातील चार-सहा विहिरींचे पाणी तपासून त्यातील क्लोराइड, एकूण विद्राव्य क्षार व विद्युतवाहकता ही मापे तारखेनिशी लिहून ठेवली, तर पुढे होणारे निम्मे वाद उद्भवणारच नाहीत. तेलथरातील पाणी बहुधा खारे असते. ते वर शिरू लागले की प्रथम क्लोराइड वाढते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसल्यास १,००० पर्यंत चालवून घेता येते; विद्राव्य क्षारांच्या मर्यादा अनुक्रमे ५०० व २,००० आहेत. पण मर्यादा ओलांडली जाण्याची वाट पाहत बसू नये. वर्षानुवर्षे साठ असलेले क्लोराइड दोन हंगामांत एकशे साठ झाले, तर ते मानकाच्या आत असूनही चौकशीस पात्र आहे. किनाऱ्यालगतच्या ओलपाडसारख्या भागात समुद्राचे खारे पाणीही आत सरकते, हे खरे. म्हणूनच जुनी नोंद नसेल, तर दोष समुद्राचा की नळीचा, हे ठरविणे अवघड होऊन बसते. रौप्य नायट्रेटच्या साहाय्याने क्लोराइड मोजण्याचा प्रयोग माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत होऊ शकतो. नमुना वर्षातून दोनदा, मे महिन्यात व पावसाळा संपल्यावर, त्याच विहिरीतून आणि शक्य तो थोडा वेळ पंप चालवून नंतर घ्यावा.

शेवटी नापास झालेल्या विहिरीविषयी. दाब टिकला नाही तर पाणी सोडणे तत्काळ थांबवावे लागते. मग ट्यूबिंग वर काढून तपासतात. दोष पॅकरचा असेल तर नवा बसवितात, केसिंगला भोक असेल तर तेवढ्या भागात सिमेंट दाबून भरतात, आणि पुन्हा चाचणी घेतात. पाण्यातील प्राणवायू, कर्बद्विप्राणिल आणि गंधकावर जगणारे जिवाणू पोलाद खात राहतात. त्यामुळे साठ वर्षे वयाच्या विहिरीत हे काम वारंवार निघते. दुरुस्ती परवडेनाशी झाली म्हणजे विहीर कायमची बुजवितात. येथे बुजविणे म्हणजे माती लोटणे नव्हे. तेलथरासमोर, गोड्या पाण्याच्या थराच्या तळाशी आणि जमिनीलगत असे निदान तीन ठिकाणी सिमेंटचे बूच घालून, त्यांवर वजन टेकून किंवा दाब देऊन ते धरले आहेत की नाही हे पाहतात. नंतर केसिंग जमिनीखाली कापून त्यावर पोलादी झाकण जोडतात व वर शेत पुन्हा नांगरले जाते. त्या शेताच्या मालकाकडे विहिरीचा क्रमांक, तिचे नेमके स्थान आणि ती बुजविल्याची तारीख असलेला कागद असावा, व त्याची एक प्रत तलाठ्याच्या दप्तरी असावी. कारण पुढे कधी त्याचा नातू तेथेच बोअर घ्यावयास निघेल.